वसईचा वसंत आणि अकरा दिवसांचा बग

मंडळी, बऱ्याच दिवसांनी शनिवार-रविवार मोकळा मिळालाय. प्रॉडक्शन शांत आहे, मॅनेजर सुट्टीवर आहे आणि बाहेर खिडकीत भाईंदरचं ऊन आहे. तेव्हा आज लिहायचंच असं ठरवून बसलोय. विषय थोडा लांबचा घेऊन सुरुवात करतो, पण शेवटी भाईंदरच्या जेट्टीवरच येणार आहे. सांभाळून घ्या.

काही वर्षांपूर्वी ऑनसाइटच्या निमित्तानं इंग्लंडमध्ये बर्कशायरात राहात होतो. रेडिंगच्या लायब्ररीत दाराशीच एक स्टँड असायचा, त्यावर फुकट पत्रकं. मार्च उजाडला की त्यात वसंतातल्या सहलींची पत्रकं येत. जंगलात निळ्या फुलांचे गालिचे बघायला अमुक वाट, ईस्टरला मुलांसाठी अंडी शोधायचा खेळ, मे महिन्यात गावच्या हिरवळीवर घुंगरू बांधून नाचणारे बुवा, पडक्या किल्ल्यात जुन्या लढाईचं नाटक. आपल्याकडच्या हिशेबानं यात काहीच नाही. आमच्या सोसायटीच्या गणपतीत याहून जास्त कार्यक्रम असतात. पण एका परगण्यातल्या माणसांनी आपल्या भोवतालच्या पाच-पन्नास मैलांकडे 'बघण्यासारखं' म्हणून बघावं, याचं मला अप्रूप वाटलं. आणि जरा लाजही वाटली. कारण मी मीरा-भाईंदरला इतकी वर्षं राहून स्टेशन, मार्केट आणि सोसायटी या त्रिकोणाबाहेर फारसा गेलो नव्हतो. बाहेरगावच्या माणसाला आमच्या गावाची ओळख म्हणजे 'बोरिवलीच्या पुढे'.

तिथेच आणखी एक किडा डोक्यात शिरला. पगाराच्या स्लिपवर ब्रिटिश करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं असं दिसलं. सहा? एक नाही, पाच नाही, सहाच का? इंग्लंडात १७५२ पर्यंत कायदेशीर नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे वसंतात, आपल्या पाडव्यासारखं. १७५२ साली त्यांनी जुनं ज्युलियन कॅलेंडर टाकून ग्रेगोरियन घेतलं. २ सप्टेंबर १७५२ च्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला. मधले अकरा दिवस गायब. पण कर वसूल करणाऱ्यांनी अकरा दिवसांचा महसूल सोडला नाही, त्यांनी वर्षअखेर अकरा दिवस पुढे ढकलली. नंतर १८०० साली आणखी एक दिवस सरकला आणि गाडी ६ एप्रिलला येऊन थांबली, ती आजतागायत. याला म्हणतात लेगसी सिस्टीम. कुणी हात लावायला धजत नाही.

हे सगळं मी गंमत म्हणून लक्षात ठेवलं होतं. ते कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

तर झालं काय, की २०२४ च्या फेब्रुवारीत भाईंदर-वसई रो-रो फेरी सुरू झाली. ज्यांना भूगोल माहीत नाही त्यांच्यासाठी: भाईंदर आणि वसई यांच्यात खाडी आहे. रस्त्यानं जायचं तर घोडबंदरकडून हायवेनं मोठा वळसा. लोकलनं जा, पण मग मोटरसायकल नेता येत नाही. फेरीनं साधारण साडेतीन किलोमीटर पाणी ओलांडलं की तुम्ही वसई किल्ल्याच्या कुशीत उतरता. मग ऑफिसातल्या आम्हा इतिहासवेड्यांचं ठरलं, की मे महिन्यात वसईच्या विजयाच्या दिवशी फेरीनं किल्ल्यावर जायचं. एक भगवा झेंडा, चिमाजी अप्पांच्या पुतळ्याला हार, परत येताना पापलेट. ग्रुप तयार झाला, ग्रुपला नाव मिळालं, आणि मग भांडण सुरू झालं. तारीख कुठली?

एक म्हणाला ५ मे. दुसरा म्हणाला १२ मे. तिसऱ्यानं पोर्तुगीजांवरचं पुस्तक काढलं, त्यात १६ मे आणि २३ मे. चौघांकडे चार तारखा, आणि प्रत्येकाकडे छापील पुरावा. मी सगळ्या तारखा एका खाली एक लिहिल्या आणि हसूच आलं. १६ उणे ५ अकरा. २३ उणे १२ अकरा. तोच लायब्ररीतला बग!

पोर्तुगालनं ग्रेगोरियन कॅलेंडर १५८२ सालीच घेतलं होतं. इंग्रज १७५२ पर्यंत जुन्यावर. म्हणजे १७३९ साली वसईतला पोर्तुगीज आणि मुंबईतला इंग्रज एकाच खाडीकाठी, एकाच भरती-ओहोटीत राहून वेगवेगळ्या तारखा लिहित होते. पोर्तुगीजांच्या १६ मेला इंग्रजांची ५ मे. तहाची कलमं ठरली तो हा दिवस, आणि किल्ला प्रत्यक्ष ताब्यात आला तो २३ मे किंवा १२ मे. आपल्या जुन्या मराठी इतिहासकारांनी बहुतेक ठिकाणी ज्युलियन तारखा दिल्या, म्हणून आपल्याकडे ५ आणि १२ मे रूढ. त्यात इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलणार, म्हणजे फेब्रुवारी १७३९ मधल्या घटनेवर त्यांच्या कागदात १७३८ लिहिलेलं सापडू शकतं. सांगा आता, टाइमझोनच्या नावानं रडणाऱ्यांनो.

आणि मराठ्यांचे कागद? ते तिसरंच. तिथी शालिवाहन शकाच्या, पण कारभाराचं वर्ष शुहूर सन, जे सुरू होतं मृगाला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात. आकडे अरबी शब्दांत. वसई पडली ते वर्ष 'तिसा सलासीन मया व अलफ', म्हणजे अकराशे एकोणचाळीस. मला हे मृगाचं वर्ष फार आवडतं. ज्या राज्याचा सगळा जमाखर्च पावसावर, त्याचं आर्थिक वर्ष पावसानंच सुरू होणार. आणि त्यात वसईच्या मोहिमेची किल्लीही आहे, असं मला वाटतं. ती सांगतो.

लोकांना 'वसईची मोहीम' म्हटलं की वसईचा किल्ला आठवतो. पण ही मोहीम दोन वसंतांची आहे, आणि पहिला वसंत आमच्या बाजूचा आहे. मीरा-भाईंदर साष्टी बेटावर आहे, सहासष्ट गावांची म्हणून साष्टी. पोर्तुगीजांना वसई गुजरातच्या बहादूरशहाकडून १५३४ साली मिळाली आणि साष्टीही त्यांच्याकडे गेली. दोनशे वर्षं त्यांनी इथे राज्य केलं. इथल्या हिंदूंवर धर्माच्या बाबतीत जाच होता, त्यातून मालाडचे देसाई अंताजी रघुनाथ कावळे, अंजूरचे गंगाजी नाईक यांसारख्या स्थानिक मंडळींनी पुण्याशी संधान बांधलं. १७३७ साली पाडव्याच्या आगेमागे चिमाजी अप्पांच्या फौजेनं खाडी ओलांडून ठाणं घेतलं. ठाण्याचा कोट तेव्हा अजून बांधून पुरा व्हायचा होता. पोर्तुगीजांचा उत्तरेकडचा सेनापती लुईस बोतेल्यो मागे हटला. घोडबंदर पडलं. साष्टीतली बहुतेक ठाणी काही आठवड्यांत मराठ्यांकडे आली. आमच्या हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकून जो बुरूज डावीकडे-उजवीकडे शोधतो, तो घोडबंदरचा किल्ला हाच.

मग वसई का नाही पडली? कारण चैत्र फार उशिरा होता. एप्रिल-मे हातात, आणि पुढे पाऊस. वसई म्हणजे ठाण्यासारखा अर्धवट कोट नव्हे. तट साडेचार किलोमीटरच्या आसपास, दहा बुरूज, तीन बाजूंना पाणी नाहीतर दलदल. त्याला मोर्चे लावायचे, खंदक खणायचे, तटाखाली सुरुंग न्यायचे. पहिला पाऊस पडला की खणलेल्या सगळ्यात पाणी. १७३७ चा हल्ला फसला आणि शंकराजी केशवांना नुसता वेढा-वचक ठेवून बसावं लागलं. याउलट पोर्तुगीजांचं सगळं बळ समुद्रातून, गोव्याहून. पावसाळ्यात समुद्र बंद, की त्यांचीही मदत बंद. म्हणजे दोघांची डेडलाइन एकच, मृग नक्षत्र. पण एकाला त्याआधी काम पुरं करायचं होतं आणि दुसऱ्याला फक्त तोवर टिकायचं होतं. टिकणाऱ्याचं काम सोपं. हे रिलीज प्लॅनिंग ज्यांनी केलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या वेळेस चिमाजी अप्पांनी ही चूक केली नाही. १७३८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ठाणं परत घ्यायचा प्रयत्न केला, त्यात त्यांचा सेनापती पेद्रो द मेलो मारला गेला. (मुंबईच्या इंग्रजांनी मराठ्यांना या हल्ल्याची आगाऊ खबर दिली होती. तेच इंग्रज पुढे वसईतल्या पोर्तुगीजांना कर्जही देतात. दोन्ही टीमना लायसन्स विकणारा व्हेंडर.) मग थंडीतच मोहीम उत्तरेकडून सुरू झाली. १७३९ च्या जानेवारीत केळवे-माहीम, तारापूर. तारापूरला बाजी भिवराव पडले. शिरगाव, डहाणू, अशेरी. अशी वसईची एकेक बोटं कापत फौज फेब्रुवारीत वसईच्या तटाखाली आली.

आणि मार्चमध्ये आमचं धारावी.

इथे थांबतो. कारण धारावी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे दुसरंच येतं. ही ती नव्हे. भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस पकडा. इमारती संपतात, मिठागरं लागतात, मार्च-एप्रिलमध्ये मिठाचे पांढरे ढीग दोन्ही बाजूंना चकाकत असतात. पुढे तारोडीच्या बाजूला धारावी देवीचं देऊळ, मग डोंगरी, चौक, पाली, उत्तन. हे सगळं मिळून जुनं धारावी बेट, साष्टीपासून खाजणानं वेगळं झालेलं. चौकच्या टेकाडावर जंजिरे धारावीचे अवशेष आहेत. किल्ला म्हणून बघायला गेलात तर निराश व्हाल. पण तिथे उभं राहून उत्तरेला बघा. खाली खाडीचं तोंड, आणि समोर वसई. वसईला समुद्रातून येणारं प्रत्येक गलबत या टेकाडाच्या तोफेखालून जाणार. कमांड लाइनवर बसून सगळं ट्रॅफिक दिसावं तसं. म्हणून हे टेकाड दोघांनाही हवं होतं, मोहिमेत हातातून हातात गेलं, आणि शेवटी मार्च १७३९ मध्ये मराठ्यांनी ते घेतलं. त्यानंतर वसईचा समुद्राकडचा दरवाजा नावालाच उघडा राहिला.

माझ्या मते वसईच्या विजयातला अर्धा वाटा या टेकाडाचा आहे, आणि मीरा-भाईंदरच्या दहा लोकांना विचारलंत तर नऊ जणांना ते कुठे आहे हेच सांगता येणार नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी नऊतलाच.

आता तारखांचा किडा पूर्ण वळवळायला लागला होता. एका रात्री एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ईस्टर काढायचं गणित सोपं आहे, २१ मार्चला किंवा नंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार. १७३९ टाकलं. २९ मार्च आलं. पौर्णिमा २४-२५ मार्चला. म्हणजे फाल्गुन पौर्णिमा, होळी! वेढ्यातल्या फौजेत होळी पेटली असेल तो आठवडा तटाच्या आत पवित्र आठवडा होता. २२ मार्चला झावळ्यांचा रविवार, २७ ला गुड फ्रायडे. एकाच चंद्राखाली बाहेर शिमग्याच्या बोंबा आणि आत ख्रिस्ताच्या दुःखभोगाच्या प्रार्थना. मध्ये तट. कागदात हे वर्णन असेल-नसेल, चंद्र मात्र नक्की होता.

आणि तोच २२ मार्च १७३९ म्हणजे दिल्लीची कत्तल. फेब्रुवारीत कर्नाळला मोगलांना हरवून नादिरशहा दिल्लीत शिरला होता, नवरोज झाला, आणि दुसऱ्या दिवशी हजारो माणसं कापली गेली. बाजीराव उत्तरेच्या बातम्यांकडे डोळे लावून बसला होता आणि त्याला वसईत गुंतलेली फौज हवी होती. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदेही वसईलाच. म्हणजे चिमाजी अप्पांच्या डोक्यावर पावसाची डेडलाइन होतीच, वर भावाची एस्कलेशन. तेव्हा त्यांचं वय होतं बत्तीसच्या आसपास. प्रकृतीही धड नव्हती, पुढच्या वर्षी डिसेंबर १७४० मध्ये ते गेलेच. आमच्या ऑफिसात बत्तिशीचा माणूस प्रमोशन हुकलं म्हणून आठवडाभर बोलत नाही. असो.

मग स्क्रिप्टमध्ये सहज २०२४ टाकलं. ईस्टर ३१ मार्च. होळी २४ मार्चला, आणि त्याच दिवशी झावळ्यांचा रविवार. पाडवा ९ एप्रिल. १७३९ चा पाडवा? गणितानं तोही ग्रेगोरियन ९ एप्रिलच्या आसपास. काटा आला अंगावर. मग लक्षात आलं, २०२४ उणे १७३९ म्हणजे २८५, आणि २८५ म्हणजे १९ गुणिले १५. एकोणीस वर्षांनी चंद्र आणि सूर्य जवळपास त्याच ठिकाणी परत येतात, ही गोष्ट ग्रीकांना माहीत होती. चमत्कार वगैरे काही नाही, भागाकार आहे. तरी पण.

हे सगळं मी जेवणाच्या टेबलावर माझ्या टीममेटला सांगितलं. तो उत्तनचा, ईस्ट इंडियन ख्रिश्चन. आमच्या विजय-सहलीच्या ग्रुपात त्याला कुणी घेतलं नव्हतं. मुद्दाम नव्हे, पण घेतलं नव्हतं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "ईस्टरला घरी ये. आई बॉटल मसाला करतेय, तोही बघशील."

३१ मार्चला गेलो. उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूंच्या आडव्या रांगांवर बोंबील वाळत घातलेले. तो वास नवीन माणसाला झेपत नाही, अर्ध्या तासानं कळेनासा होतो. त्यांच्या अंगणात मिरच्या आणि कसकसले मसाले उन्हात पसरलेले. वर्षभराचा मसाला पावसाआधी भाजून-कुटून बाटल्यांत ठासून भरायचा, म्हणून बॉटल मसाला. पुन्हा तेच वेळापत्रक, मृगाच्या आत. मासेमारीही १ जूनपासून दोन महिने बंद असते. मला वाटलं, या किनाऱ्यावरचे सगळेच शुहूर सनात जगतात.

मावशी बोलायला मोकळ्या. त्यांची बोली माझ्या आजीच्या कोकणीमिश्रित मराठीहून मराठी. लग्नाचा विषय निघाला तर 'उंबराचं पाणी' आणायला वाजतगाजत जातात हे सांगितलं. मी विचारलं, मग 'ईस्ट इंडियन' हे नाव कुठून? तर टीममेटनं सांगितलं की १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, इथल्या ख्रिश्चनांनी ते घेतलं. गोव्याहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिश्चनांपेक्षा आपण वेगळे, मूळचे मुंबई-साष्टीचे, कंपनीच्या काळापासूनचे, हे गोऱ्या साहेबाला कळावं म्हणून. पश्चिम किनाऱ्यावर राहून नाव 'पूर्व'. व्हेरिएबलचं नाव एकदा चुकलं की कायमचं.

मग मी, न राहवून, वसईच्या सहलीचं सांगितलं. टीममेटनं ताटाकडे बघत विचारलं, "तो विजय म्हणजे आम्ही हरलो, असं तुमच्या ग्रुपात समजतात का?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. खरं तर हो, कुणीतरी तसा एक विनोद टाकला होता आणि मी त्यावर हसरा चेहरा टाकला होता.

मावशीच म्हणाल्या, "फिरंगी बोटीत बसून गेले रे. आमची बोट मासे धरायची, आम्ही कुठे जाणार?"

घरी येऊन मी तहाची कलमं परत वाचली. या वेळेस नीट. मे महिन्यात सुरुंगांनी सेबास्टियन बुरूज फुटला, भयंकर लढाई झाली. मराठ्यांकडचे मेलेले-जखमी मिळून पाच हजारांच्या घरात सांगितले जातात, पोर्तुगीजांचे आठशेच्या आसपास. किल्ल्याचा सेनापती सिल्व्हेरा आधीच मारला गेला होता, कॅप्टन कायतानो द सोझा परेरानं शरणागतीची बोलणी केली. मराठ्यांनी फौजेला शस्त्रांसह, वाजतगाजत बाहेर पडू दिलं. कुटुंबकबिल्याला आणि ज्यांना जायचं त्यांना आपापली चीजवस्तू घेऊन जायला आठ दिवस दिले. १६ आणि २३ मे मधला आठवडा तो हाच. आणि पुढचं कलम मी आधी कधी लक्ष देऊन वाचलं नव्हतं. मागे राहणाऱ्या ख्रिश्चनांना त्यांचा धर्म पाळायची मोकळीक, आणि तीन चर्च राखायचे, एक शहरात, एक कसब्यात, एक साष्टीत.

म्हणजे कलम लिहिणाऱ्या दोघांनाही माहीत होतं की मागे कोण राहणार आहे. जहाजात जागा साहेबांना. ते इंग्रजांच्या मुंबईला गेले. तिथल्या गव्हर्नरनं वेढ्यात असतानाच वसईकरांना पंधरा हजार रुपये कर्ज दिलं होतं, तारण म्हणून चर्चची चांदी आणि काही पितळी तोफा ठेवून. जुलैत, म्हणजे पावसात, त्याच इंग्रजांचा कॅप्टन इंचबर्ड मराठ्यांशी तह करून मोकळा. कोळी, आगरी, कुणबी, नांगरवाले, मागे राहिले. तीन चर्च म्हणजे 'मोकळीक' खरी, पण साष्टीभर पसरलेल्या गावांना एक. ज्यांच्या छळाचा राग होता ते गेले, आणि मोजमाप चुकतं झालं ते ज्यांचं काही चालत नव्हतं त्यांच्या खात्यावर. हे लिहिताना चिमाजी अप्पांबद्दलचा माझा आदर तसूभर कमी होत नाही. त्या काळच्या वेढ्यांनंतर काय काय व्हायचं ते त्याच मार्चमध्ये दिल्लीनं बघितलं होतं, त्या तुलनेत वसईचा तह माणुसकीचा आहे. पण 'आपण जिंकलो' यातलं 'आपण' मी आजवर फार पटकन टाइप करत होतो.

आणि गंमत बघा, ते राज्य तरी किती टिकलं? डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणं घेतलं आणि साष्टी गेली. म्हणजे आमचं मीरा-भाईंदर मराठ्यांकडे होतं अवघी सदतीस वर्षं. पोर्तुगीज दोनशे, इंग्रज पावणेदोनशेच्या आसपास. रेल्वे आली, १२ एप्रिल १८६७ ला विरारहून बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली (हाही वसंतच, पत्रकात घालायला हवा). तेव्हाच्या स्टेशनांच्या यादीत नायगाव-भाईंदरच्या मधल्या खाडीतलं पाणजू आहे, बोरिवली आहे. भाईंदर नाही. वगळलं जाण्याची आमची परंपरा जुनी आहे :-)

उत्तनच्या त्या दुपारची एक गोष्ट राहिली. जेवणं झाल्यावर मावशींनी विचारलं, "वसईच्या घंटा कुठे गेल्या, ते तुझ्या पुस्तकात आहे का?" ते माहीत होतं. वसईच्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर गेल्या. भीमाशंकरला आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर आहे. मेणवलीचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. 'स्वदेस'चं शूटिंग तिथे झालं म्हणून आम्ही मित्र हौसेनं गेलो होतो, आणि घंटेखाली उभं राहून शाहरुखसारखे फोटो काढले होते. मावशींनी चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. माझं तोंड स्क्रीनबाहेर गेलं आणि घंटा राहिली. त्यावर बाळाला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. मी तो फोटो शंभर वेळा बघितला असेन, आकृती पहिल्यांदा बघितली.

"वाजते का?" त्यांनी विचारलं.

आम्ही गेलो तेव्हा एका पोरानं वाजवली होती, असं मी सांगितलं. "आवाज कसा होता?" मला आठवेना. मोठा होता, एवढंच म्हणालो. त्यांनी फोन टीममेटला दिला, त्यानं फोटो स्वतःकडे पाठवून घेतला, मग आतून मार्झिपॅनची अंडी आली आणि विषय बदलला.

सहल झाली. तारखेचा वाद मी स्क्रिप्टचा निकाल दाखवून मिटवला, म्हणजे मिटला नाही, पण शनिवार कुठला मोकळा यावर मतदान होऊन १८ मे ठरला, जो कुठल्याच कॅलेंडरात बसत नाही. टीममेट आला. भाईंदरच्या जेट्टीवरून सकाळी निघालो. फेरी खाडीत आली तसं त्यानं डावीकडे मागे बोट दाखवून सगळ्यांना धारावीचं टेकाड दाखवलं, आणि तिथून वसईचं तोंड कसं दिसतं हे माझ्यापेक्षा चांगलं समजावलं. लहानपणी तिथे पतंग उडवायचा म्हणे. किल्ल्यावर सेबास्टियनच्या बाजूनं फिरलो, पडक्या चर्चमध्ये जमिनीतल्या थडग्यांच्या पाट्या वाचायचा प्रयत्न केला, नागेश्वराच्या देवळात सावलीत बसलो. चिमाजी अप्पांना हार घातला. झेंडा एकानं आणला होता, तो त्यानं बॅगेतून काढला की नाही ते मला आठवत नाही. ऊन मरणाचं होतं. संध्याकाळच्या फेरीला रांग इतकी, की पापलेट राहूनच गेलं.